मथळ्याचं अक्षर निवडताना

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधल्या इंडियन ग्रोसरीच्या दाराजवळचा फळा पत्रकांनी भरून जातो. गणपती, बतुकम्मा, गरबा, नाटक, संगीताच्या शिकवण्या, मुलांची क्रिकेट शिबिरं. तीस हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात तेलुगू, तमिळ, गुजराती, हिंदी आणि मराठी पत्रकं एकाच फळ्यावर खांद्याला खांदा लावून असतात. पिशव्या सावरत बाहेर पडणारा माणूस त्या फळ्याकडे दोन-तीन सेकंद बघतो. तेवढ्या वेळात त्याला तारीख कळत नाही, पत्ता तर नाहीच. कळतं ते मथळ्याचं अक्षर. ते मराठी आहे हे लांबून ओळखू आलं आणि त्यात प्रसंगाचा रंग उतरला, तर तो थांबतो आणि बाकीचं वाचतो.

हा लेख आपल्यातल्या त्या मंडळींसाठी आहे ज्यांच्याकडे पत्रक किंवा पत्रिका करण्याचं काम हमखास येतं. मंडळाची कार्यकारिणी, मराठी शाळेचे शिक्षक, घरच्या मुंजीची पत्रिका करणारी ताई, ‘तुला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणून धरून आणलेला इंजिनीअर. यांतलं कुणी चित्रकार असायची गरज नाही. अक्षर मात्र नीट बघावं लागतं.

मला इथे बोलायचं आहे ते एका विशिष्ट जातीच्या अक्षराबद्दल: जाड आणि बारीक रेघांत मोठा फरक असलेलं, टोकांना काही तरी घडवलेलं, स्वतःचा स्वभाव असलेलं शीर्षकाचं अक्षर. इंग्रजीत याच्या टोकांना सेरिफ असतात, म्हणजे रेघ संपताना येणारी लहानशी पावलं. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरीच्या जाहिरातींसाठी असली लठ्ठ अक्षरं आली. पुस्तकासाठी घडवलेला टाइप नुसता मोठा करून भिंतीवर चालत नाही, भिंतीसाठी वेगळं अक्षर घडवावं लागतं, हे तेव्हा छापखान्यांना पटलं. अमेरिकेत १९२२ साली शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचा कूपर ब्लॅक आला. मऊ, गुबगुबीत, गोल टोकांचा हा टाइप आजही इथल्या दुकानांच्या पाट्यांवर सहज सापडतो.

देवनागरीची गोष्ट निराळी आहे. आपल्या अक्षराला पावलं नसतात. त्याला वर शिरोरेषा असते आणि त्याचा जाड-बारीकपणा बोरूतून आलेला असतो. लॅटिन लिहिणारा लेखणी ज्या बाजूला तासतो, त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा बोरू तासतात. त्यामुळे जाडीचा कलही उलटा होतो. जुन्या वळणाच्या इंग्रजी ओ अक्षरात वर डावीकडे आणि खाली उजवीकडे रेघ बारीक होते. बोरूने काढलेल्या ‘ठ’च्या वर्तुळात नेमक्या त्याच दोन जागी ती जाड असते. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे सुबक खिळे पुढे कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. त्या खिळ्यांत हा बोरूचा कल स्पष्ट दिसतो. मथळ्यासाठी मात्र खिळ्यांत फारशी निवड नसे. ती उणीव अक्षररचनाकारांनी हाताने भरून काढली. कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षं मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्री जाहिरातींसाठी रेखाटली. प्रत्येक नाटकाला त्याचं त्याचं अक्षर मिळालं आणि ती नावं लोकांच्या डोळ्यांपुढे चित्रासारखी राहिली. शेडगे २०२० साली गेले. मथळ्यातून स्वभाव कसा बोलतो हे शिकायचं असेल तर त्यांच्या कामाइतकी चांगली शाळा नाही. हाती पत्रकाचं काम असो वा नसो, ते काम मिळेल तिथे बघा.

आज घरच्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारे फाँट बरेच आहेत, पण या जातीचे मोजकेच. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन यातला सर्वांत धीट. जाड रेघ अतिशय जाड, बारीक रेघ केसासारखी, आणि देवनागरी व लॅटिन दोन्ही त्यातच. वैभव सिंग यांचा एक्झार हा दुसरा. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या अभ्यासातून तो उभा राहिला. त्याला पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत आणि वजन वाढत जातं तसा त्याचा स्वभाव उघड होत जातो. हलक्या वजनात तो शहाण्यासारखा मजकूर वाचू देतो, सर्वांत जाड वजनात मथळा गाजवतो. म्हणून पहिल्यांदाच पत्रक करणाऱ्याला मी एक्झार सुचवते. एकाच कुटुंबात मथळा आणि मजकूर दोन्ही भागतात आणि चुकायला जागा कमी राहते. कॅथरीन श्मिट यांचा यात्रा वन मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला आहे. त्यात लॅटिन अक्षरांनी देवनागरीच्या कुंचल्याचा कल घेतला आहे. एरवी नेहमी उलटं होतं: देवनागरीला लॅटिनच्या मापाने वाकवलं जातं. त्यामुळे यात्रा वन समोर ठेवून दोन्ही लिप्या शेजारी टाइप करून पाहणं हाच एक धडा आहे. मुंबईच्या एक टाइपचा मोदक हा सेरिफ घराण्यातला नाही. तो नुसता फुगलेला, आनंदी आहे. मुलांच्या कार्यक्रमाला तो शोभतो, श्रद्धांजलीच्या सभेला अजिबात नाही.

आणि तिरो देवनागरी मराठी. हा मुळात मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी झालेल्या कामातून आला आहे. निर्णयसागरी वळणाची आठवण करून देणारा, शांत आणि भारदस्त. तो पुस्तकी मजकुरासाठी आहे, पण मोठा केला तरी त्याचं सौंदर्य टिकतं. लग्नपत्रिका, मानपत्र, अभिवाचनाचा कार्यक्रम अशा ठिकाणी मी रोझापेक्षा त्याच्याकडे वळते.

हे सगळे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. पत्रक, बॅनर, टी-शर्ट, तिकीट विकून केलेला कार्यक्रम, कशालाही ते वापरता येतात. फक्त फाँट स्वतंत्रपणे विकता येत नाही. इतर ठिकाणांहून उतरवलेल्या फाँटांबरोबरचा परवाना मात्र वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल तर मंडळाचा बॅनर त्यात बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. फाँट निवडायच्या आधी मथळ्याचे शब्द पक्के करा आणि त्या शब्दांत कोणती अक्षरं आहेत ते मोजा. लोक आधी फाँटच्या यादीतून फिरतात, आवडलेला निवडतात आणि मग त्यात शब्द ओततात. पण यादीत दिसतो तो फाँटचा स्वतःचा नमुना. तुमचा शब्द त्यात कसा बसेल हे नमुना सांगत नाही.

‘गणेशोत्सव’ हा शब्द घ्या. ग चा दांडा एक. ण चे दोन. शो मध्ये श चा एक आणि कान्याचा एक. त्स मध्ये स चा एक. व चा एक. पाच अक्षरी शब्दात सात उभे दांडे. लठ्ठ टाइपमध्ये प्रत्येक दांडा जाडजूड होतो आणि शब्दाचं कुंपण होऊन बसतं. दांडे आधी दिसतात, अक्षर नंतर. शिवाय अर्धा त आणि स यांच्या सांध्यातली पांढरी जागा इतकी चिंचोळी होते की छपाईत ती बुजण्याची भीती असते. आता ‘दहीहंडी’ बघा. द ला दांडा नाही, ह ला नाही, ड ला नाही. दोन वेलांट्यांचे दोन दांडे सोडले तर सगळा शब्द वळणांचा. जाड-बारीक फरकाचा टाइप अशाच शब्दात खुलतो, कारण वळणावर रेघ जाडीतून बारीकपणात उतरते आणि पुन्हा चढते, ती हालचाल डोळ्याला दिसते. ‘हळदीकुंकू’ तर याहून सुंदर. ह, ळ, द या तीन वळणदार अक्षरांनी सुरुवात, मग क ची जोडी, आणि खाली ऱ्हस्व व दीर्घ असे दोन उकार.

म्हणून गणेशोत्सवाच्या पत्रकाला मी एक्झारचं मधलं वजन घेईन किंवा ‘गणपती’ एवढाच शब्द मोठा करून बाकीचं खालच्या ओळीत टाकीन. हळदीकुंकवाच्या निमंत्रणाला मात्र रोझा वन बिनधास्त. शब्द बदलता येत असेल तर बदलावा, अक्षरासाठी शब्द बदलणं कमीपणाचं नाही. ‘दिवाळी स्नेहसंमेलन’ यातल्या दुसऱ्या शब्दात जोडाक्षर, मात्रा, अनुस्वार यांची दाटी आहे. ‘दिवाळी पहाट’ मोकळा श्वास घेतो. मथळा जितका धीट, तितके शब्द कमी हवेत. दोन, फार तर तीन. ‘सर्व मराठी बांधवांना सस्नेह निमंत्रण’ हे संपूर्ण वाक्य रोझामध्ये लावलेलं पत्रक वाचताना डोळ्याला धाप लागते.

शब्द ठरले की फाँट मराठी जाणतो का ते तपासा. त्यासाठी एक ओळ टाइप करून ठेवावी आणि प्रत्येक नव्या फाँटात ती टाकून पाहावी. माझी ओळ अशी: ‘वऱ्हाडातल्या दऱ्या, शाळेतले खेळ, ॲप, ऑफिस, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, श्रद्धा, कुऱ्हाड, निश्चय, विठ्ठल’. हिच्यातला प्रत्येक शब्द कशासाठी तरी आहे. ‘वऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला र पापणीसारखा आडवा दिसायला हवा. तो जर रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला, तर एक तर फाँटात ती सोय नाही किंवा टाइप करताना खाली टिंब असलेला ऱ वापरायचा राहिला. आधी टाइपिंग तपासा, मग फाँटला दोष द्या. ‘ॲप’मध्ये अ वर चंद्र नीट बसला का, की शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ आलं? ‘विठ्ठल’मधला ठ्ठ जोडलेला आला की मध्ये हलंत दिसतोय? हे जाड टाइपमध्ये मुद्दाम पाहावं, कारण शीर्षकाच्या फाँटात जोडाक्षरं कमी घडवलेली असण्याचा संभव जास्त.

मग ल आणि श. मराठी वळणाचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीत ल ला उजवीकडे दांडा असतो आणि श शेंडीफोड्या. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच रूप धरलं आहे. पुष्कळ फाँटांत दोन्ही रूपं असतात, पण आपोआप दिसतं ते हिंदी रूप. मराठी रूप मिळवण्यासाठी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवावी लागते. इनडिझाइनसारख्या प्रोग्रॅममध्ये ती सोय आहे, वेबसाइटवरही पानाच्या भाषेची खूण मराठी अशी ठेवता येते. ऑनलाइन पत्रक बनवण्याच्या सोप्या साधनांत बहुधा ती मिळत नाही. तिरो मराठीत ही कटकट नाही, त्यात मराठी रूप मुळातच आहे.

हे बारीकसारीक वाटेल. पण मॉरिसव्हिलच्या फळ्यावर हिंदी आणि मराठी पत्रकं एकाच लिपीत शेजारी लागतात. तिथे ‘शाळा’ या शब्दातला देठाचा श दिसला की मराठी माणसाला तो आपला वाटतो, कारण त्याने पाटीवर तोच गिरवलेला असतो. इथे वाढणारी मुलं मराठी शाळेत जो श गिरवतात तोच त्यांना पत्रकावर भेटावा, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या आयुष्यात मराठी अक्षर भेटण्याच्या जागा आधीच थोड्या आहेत.

फाँट पसंत पडला की त्याच्यावर प्रयोग करू नका. तीन गोष्टी तर कटाक्षाने टाळा.

पहिली, ठळक करायचं ‘बी’ बटण. रोझा वनला एकच वजन आहे. ते बटण दाबलं की प्रोग्रॅम अक्षराभोवती आपल्या मनाने जाडी चढवतो. बारीक रेघा जाड होतात, म्हणजे ज्या फरकासाठी हा टाइप निवडला तोच नाहीसा होतो, आणि ‘क्ष’, ‘ण’, ‘श्र’ यांच्या पोटातली जागा भरून जाते. मथळा अधिक उठावदार हवा असेल तर आकार वाढवा किंवा भोवती मोकळी जागा सोडा.

दुसरी, अक्षरांतलं अंतर वाढवणं. इंग्रजी मथळ्यात कॅपिटल अक्षरं विरळ मांडली तर ऐटदार दिसतात. तयार टेंप्लेटमध्ये ही मांडणी आधीच करून ठेवलेली असते. त्याच चौकटीत मराठी टाइप केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. पुष्कळ जणांना हा दोष फाँटचा वाटतो. टेंप्लेट उघडल्यावर अंतराचा आकडा पहिल्यांदा शून्यावर आणा.

तिसरी, तिरपं करणं. देवनागरीत खरा तिरपा टाइप घडवलेला असेल तर गोष्ट वेगळी. बटणाने ढकललेला मथळा पडायला आल्यासारखा दिसतो आणि जाड-बारीक रेघांचा तोल जातो. अक्षरामागे सावली, सोनेरी चकाकी, बाहेरून पांढरी किनार, हेही त्याच यादीतलं. ज्या अक्षराला स्वतःचा स्वभाव आहे, त्याला दागिने नकोत. शिरोरेषेवर फुलांची माळ लावायचा मोह तर फारच होतो. तोही आवरा.

मथळा दोन ओळींत जात असेल तर ओळींमधलं अंतर डोळ्याने ठरवावं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार, मात्रा यांची गाठ पडते. ‘कुटुंबासह’ खाली ‘कीर्तन’ आलं की टु चा उकार आणि की ची वेलांटी एकमेकांना टेकू शकतात. अशा वेळी सगळं अंतर वाढवून मथळा विस्कटण्यापेक्षा ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून बघा, किंवा एक ओळ थोडी डावीकडे सरकवा. उकार मोकळ्या जागेत उतरला की काम झालं. शेडग्यांसारखे कलावंत नेमकी अशी जागा हेरून त्या उकारालाच खेळवत असत. आपण निदान त्याला जागा करून द्यावी.

आपलं पत्रक बहुतेक वेळा दोन भाषांत असतं, आणि ते तसंच असावं. शेजारीपाजारी येतात, मुलांचे मित्र येतात, सुना-जावई अमराठी असतात. इथे फसगत होते ती अशी: प्लेफेअर डिस्प्ले हा देखणा सेरिफ टाइप निवडून लोक त्यात मराठी टाइप करतात. त्यात देवनागरी नाहीच. प्रोग्रॅम न सांगता दुसराच एखादा देवनागरी फाँट तिथे आणून बसवतो, आणि इंग्रजी नटूनथटून तर मराठी घरच्या कपड्यांत असा देखावा तयार होतो. फाँटच्या माहितीत देवनागरी आहे का ते आधी बघा. दोन्ही लिप्या एकाच घडवणीच्या हव्या असतील तर रोझा किंवा एक्झार. वेगवेगळे फाँट जुळवायचे असतील तर मोठा आणि बोलका मथळा मराठीत ठेवा, इंग्रजी ओळ साध्या, शांत टाइपमध्ये लहान घ्या. दोन बोलकी अक्षरं एका पानावर एकमेकांचं बोलणं तोडतात. आकार जुळवताना पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जागा राखावी लागत असल्याने त्याच आकड्यात देवनागरीचं मधलं अंग बऱ्याचदा लहान दिसतं. शिरोरेषेपासून खालच्या ओळीपर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलच्या उंचीशी ताडून पाहा आणि मराठी हवं तितकं वाढवा.

मथळ्याखालचा मजकूर, म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण, पार्किंग, भोजनाची नोंदणी, हा एक टाइपच्या मुक्तासारख्या साध्या फाँटात किंवा एक्झारच्या हलक्या वजनात असू द्या. पत्ता इंग्रजीतच लिहावा, लोक तो फोनच्या नकाशात टाकतात. एव्हिएशन पार्कवेवरच्या हिंदू भवनाला पहिल्यांदा येणाऱ्याला देवनागरीतल्या पत्त्याचा उपयोग नाही.

बॅनरचं गणित वेगळं. इथल्या पाट्या करणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. सभागृहाच्या मागच्या रांगेतून स्टेज चाळीस फुटांवर असेल तर चार इंच. देवनागरीसाठी हे चार इंच शिरोरेषेपासून खालच्या ओळीपर्यंत धरा, वेलांटी आणि उकार त्यात मोजू नका. ते धरले की ओळीला सात इंचांच्या आसपास जागा लागेल. तीन बाय सहा फुटांच्या बॅनरवर असा मथळा आणि खाली दोन ओळी आरामात मावतात. मंडळाचं बोधचिन्ह, सहा प्रायोजकांची चिन्हं, गणपतीचं चित्र आणि अध्यक्षांचा संदेशही त्यातच हवा असेल तर मावणार नाही. तेव्हा प्रायोजकांसाठी वेगळा बॅनर करावा. रस्त्याकडेला लावायच्या पाटीवर शब्द आणखी कमी, कारण गाडी थांबत नाही. तिथे टाउनचे आणि तुमच्या एचओएचे पाट्यांबाबतचे नियम आधी विचारून घ्या.

जाड-बारीक फरकाच्या टाइपला छपाईत धोका असतो तो बारीक रेघेचा. केशरी किंवा लाल पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर काढलं की शाई कडेने आत सरकते आणि केसासारखी रेघ गिळते. अक्षर तुटक दिसू लागतं. सणाच्या पत्रकात नेमके हेच रंग असतात. मथळा पुरेसा मोठा असेल तर चालून जातं. अर्ध्या इंचाखालच्या अक्षराला रोझासारखा टाइप उलट्या रंगात देऊ नये. फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षर सर्वांत सुरक्षित. हळदीच्या पिवळ्यावर गडद किरमिजी मला सर्वांत आवडतं, आणि ते लांबून वाचताही येतं.

बहुतेक लोक पत्रक पाहतात ते व्हॉट्सॲपवर. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि पहिली जाते ती बारीक रेघ. उभं चित्र करा, पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर चॅटच्या यादीतल्या आकारात बघा. तेवढ्या आकारात मथळा वाचता येत नसेल तर वजन कमी करा किंवा फाँट बदला. छापील पत्रकाला रोझा आणि फोनवरच्या चित्राला एक्झार, असं करायला काहीच हरकत नाही. प्रसंगाचा रंग आणि शब्द तेच राहिले की लोक दोन्ही एकाच कार्यक्रमाची म्हणून ओळखतात.

आता नव्याने आलेली एक गोष्ट. चित्र बनवून देणाऱ्या एआय साधनांकडून पूर्ण पोस्टर करून घेण्याची पद्धत पडते आहे. समई, रांगोळी, पैठणीचा काठ, हे सगळं ती छान काढतात. देवनागरी मथळ्याचा मात्र भरवसा नाही. लांबून अक्षरासारखं दिसणारं, जवळून ना ख ना स असं काही तरी मध्येच येतं, एखादी वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते. चित्र हवं तर त्यांच्याकडून घ्या, पण त्यात मथळ्याची जागा रिकामी ठेवायला सांगा. अक्षर खऱ्या फाँटातून, आपल्या हाताने टाइप करून घाला.

महाराष्ट्रातून मजकूर मागवत असाल तर आणखी एक अडथळा येतो. तिकडच्या अनेक छापखान्यांत आणि टंकलेखकांकडे अजून श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत काम चालतं. ती फाइल इकडे उघडली की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि वर सांगितलेला एकही फाँट त्या मजकुराला लागू होत नाही. पाठवणाऱ्या काकांना विनंती करून युनिकोडमध्ये मागवा, नाही तर रूपांतर करून घ्या. रूपांतरानंतर रफार, पापणीचा र आणि ज्ञ, क्ष यांवरून एकदा नजर फिरवा, घोटाळे तिथेच होतात.

अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या मांडणीत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. छपाईला देताना वर्डची फाइल देऊ नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसणार. पीडीएफ करा, फाँट आत भरलेला आहे ना ते बघा, आणि प्रोग्रॅममध्ये सोय असेल तर मथळ्याच्या अक्षरांच्या आउटलाइन करून घ्या, म्हणजे ती अक्षरं चित्र म्हणून जातात. आउटलाइन केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा.

आणि प्रूफ मागा. इथल्या छपाईवाल्याला देवनागरी वाचता येत नसेल तर तुटलेली वेलांटी किंवा मध्येच उगवलेला हलंत त्याला चूक म्हणून दिसणारच नाही. तो सौजन्याने ‘लुक्स ग्रेट’ म्हणेल आणि मशीन सुरू करेल. प्रूफ छापील मिळालं तर उत्तम, नाही तर त्याने पाठवलेली शेवटची पीडीएफ स्वतः उघडा. मथळा एक-एक अक्षर करत मोठ्याने वाचा. मग ज्याने हा मजकूर आधी पाहिलेला नाही अशा कुणा मराठी माणसाकडून वाचून घ्या. घरी आजी-आजोबा आले असतील तर त्यांच्याकडून, कारण छापील मराठी वाचण्यात त्यांची उमर गेलेली असते आणि ‘आमंत्रण’वर अनुस्वार राहिलेला त्यांच्या नजरेतून सुटत नाही. होकार मिळाल्यावरच छपाईवाल्याला ईमेलने लेखी मंजुरी द्या.